शॉवरच्या डोक्यावरचं ऊन

अमेरिकेतल्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, ओटा असतो, पलंग असतात, फ्रीज असतो, संडास-बाथरूम असते. हे सगळं ठरलेल्या उंचीत बसवावं लागतं. वाहनाला पुलांखालून जायचं असतं आणि तिथल्या बहुतेक राज्यांत साडेतेरा फुटांच्या वर जायला परवानगी नसते. चाकं, सांगाडा, पोटाखालच्या पाण्याच्या टाक्या आणि छतावरचा एसी यांची उंची वजा केली की आत उभं राहायला साडेसहा-सात फूट उरतात. बाथरूममध्ये तेही मिळत नाहीत. शॉवरच्या तळाखाली निचऱ्याचा वाकडा पाइप बसवायचा असतो, त्यामुळे तो तळ बऱ्याचदा काही इंच उचललेला असतो आणि जरा उंच माणसाचं डोकं छताला टेकतं. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही तयार होतात. तिथल्या कारखानदारांनी यावर सरळ तोड काढली. शॉवरच्या बरोबर वर छताला चौकोनी भोक पाडायचं आणि त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट बसवायचा. डोक्याला जागा मिळाली आणि तिच्यासोबत उजेडही आला. यालाच स्कायलाइट म्हणतात.

ही सोय एप्रिलपर्यंत सगळ्यांना आवडते. जूनमध्ये ॲरिझोना, नेवाडा किंवा टेक्साससारख्या राज्यांत दुपारी बाथरूमचं दार उघडलं की आतली धग अंगावर येते. सगळ्या घराला एसीची हवा मिळत असते आणि त्या दीड-दोन चौरस मीटरच्या खोलीत मात्र उभं राहवत नाही.

हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न असता तर त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं नसतं. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून ॲरिझोनात उतरणारे निवृत्त लोक उन्हाळ्यापूर्वी परत जातात. मागे राहतात ते ज्यांचं दुसरं घर नाही असे लोक: हंगामी कामगार, थोड्या पेन्शनीवर भागवणारी म्हातारी माणसं, घरभाडं न परवडणारी कुटुंबं. फीनिक्स शहरात २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याच्याही वर गेला. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. घरात असताना उष्णतेने दगावणाऱ्यांमध्ये मोबाइल होमसारख्या पातळ भिंतींच्या घरांत राहणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठं आहे. आरव्हीच्या भिंती तर त्याहून पातळ. अशा घरात छताच्या प्रत्येक भोकाचा हिशोब करावा लागतो.

तर हिशोब करू. या स्कायलाइटचं एक नेहमीचं माप १४ इंच बाय २२ इंच, म्हणजे जवळजवळ ०.२ चौरस मीटर. निरभ्र दुपारी जमिनीला समांतर अशा एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. आपल्या भोकाच्या वाट्याला त्यातले २०० येतात. घुमट सहसा दुहेरी असतो: बाहेरचा हवापाण्याला तोंड देणारा आणि आतला छताशी जुळवलेला. दोन्ही पारदर्शक असले तर त्यातून दीडशेच्या आसपास वॅट आत उतरतात. जुन्या पद्धतीचे ६० वॅटचे अडीच बल्ब शॉवरवर सतत जळत ठेवल्यासारखं हे आहे.

आता उलट बाजूही पाहू. छतावरच्या एसीची ताकद साधारण १३,५०० बीटीयूची असते. वॅटमध्ये सांगायचं तर ती सुमारे ४,००० वॅट उष्णता बाहेर काढू शकते. तिच्यापुढे दीडशे वॅट म्हणजे चार टक्के. म्हणून ‘स्कायलाइट झाका आणि घर दहा अंशांनी थंड करा’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. घराला तापवण्यात भिंती, छत आणि मोठ्या खिडक्या यांचा वाटा कितीतरी मोठा असतो. पण बाथरूमची गोष्ट वेगळी. ती लहान असते, तिचं दार लावलेलं असतं आणि एसीच्या नळीचं एखादंच छोटं तोंड तिथे आलेलं असतं, कधी तेही नसतं. तिथल्या तीन घनमीटर हवेला एक अंशाने तापवायला साडेतीन किलोज्यूलच्या आसपास उष्णता पुरते आणि दीडशे वॅट म्हणजे मिनिटाला नऊ किलोज्यूल. भिंती आणि फरशी यातला मोठा भाग शोषतात म्हणून हवा तेवढ्या झपाट्याने तापत नाही. पण तापलेल्या त्याच भिंती संध्याकाळी ती उष्णता परत देत बसतात.

छताच्या झरोक्याचा एक मूळचा दोष आहे. भिंतीतली दक्षिणेकडची खिडकी हिवाळ्यात ऊन आत घेते आणि उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर असल्यामुळे, बरंचसं टाळते. झरोक्याचं नेमकं उलट. फीनिक्सला २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ८० अंशांवर असतो, म्हणजे ऊन झरोक्यात जवळपास सरळ पडतं. डिसेंबरात तोच सूर्य ३३ अंशांवरच थांबतो आणि ऊन तिरपं होऊन विरळ पडतं. दिवसाची लांबीही धरली तर जूनमध्ये या भोकावर डिसेंबरच्या अडीचपटीहून जास्त ऊन पडतं. जेव्हा उष्णता नको तेव्हा भरपूर आणि हवी तेव्हा तुटपुंजी. गाडी कुठल्याही दिशेला तोंड करून उभी केली तरी यात फरक पडत नाही. फरक पडतो फक्त झाडाच्या सावलीने, आणि वाळवंटात ती मिळत नाही.

ऊन आत आल्यावर काय होतं हे नीट समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पारखता येतात. सूर्यप्रकाशातली जवळजवळ अर्धी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाची असते आणि उरलेल्यातली बहुतेक त्याच्या लगतच्या अवरक्त किरणांची. या सगळ्याची तरंगलांबी साधारण ०.३ ते २.५ मायक्रोमीटर. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही घुमटाची प्लास्टिकं यातलं बरंचसं बिनतक्रार आत सोडतात. ते किरण शॉवरच्या भिंतीवर, तळावर, टॉवेलवर पडतात, शोषले जातात आणि तिथे उष्णता होते. तापलेल्या वस्तूही किरण सोडतात, पण ते १० मायक्रोमीटरच्या आसपासचे. त्या किरणांना हेच प्लास्टिक अपारदर्शक असतं. ते आत अडकतात. त्यामुळे ऊन प्लास्टिकच्या बाहेर असतानाच त्याला अडवणं सर्वांत फायद्याचं. आत आल्यावर अडवलं तर थोडं परत पाठवता येतं आणि बाकीचं घरातच मुरतं.

बाहेरून अडवायचं म्हटलं की पहिली शंका येते उजेडाची. घुमटावर दाट आच्छादन टाकलं की बाथरूममध्ये अंधार होणार आणि दिवसा दिवा लावावा लागणार. ही शंका आकड्यांपुढे टिकत नाही. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स, म्हणजे चौरस मीटरला एक लाख ल्युमेन असतं. आपल्या ०.२ चौरस मीटरवर त्याचे वीस हजार ल्युमेन पडतात. एवढ्याशा बाथरूमला पाचशे ल्युमेन पुष्कळ झाले. म्हणजे झरोक्यावरचं नव्वद टक्के ऊन अडवलं तरी दोन हजार ल्युमेन उरतात, त्यातले काही घुमटाच्या प्लास्टिकमध्ये गेले तरी दाढी करायला, आंघोळ करायला उजेड कमी पडत नाही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत कामाची गोष्ट वाटते, कारण लोक अंधाराच्या भीतीने अर्धवट उपाय करतात. पन्नास टक्क्यांची जाळी लावतात आणि उष्णता अर्धीच कमी झाली म्हणून हताश होतात.

अशा जाळीसाठी महाराष्ट्रातल्या वाचकाला नवा शब्द शिकावा लागणार नाही. रोपवाटिकेवर आणि ढोबळी मिरचीच्या शेतावर जी शेडनेट पसरतात तीच इथे चालते. फक्त शेतात पिकाला ऊन हवं म्हणून ती निम्मी झाकणारी असते, इथे नव्वद टक्क्यांची घ्यायची. रंग पांढरा किंवा चंदेरी असेल तर उत्तम. काळी जाळी ऊन स्वतः शोषते आणि चांगलीच तापते, पण ती मोकळ्या हवेत असेल तर वारा तिची उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की जाळी घुमटाला चिकटता कामा नये. मध्ये दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवावी, हवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल अशी. चिकटलेली काळी जाळी घुमटालाच तापवते आणि केलेल्या कामाचा मोठा भाग वाया जातो.

उजेड नकोच असेल तर जाड, अपारदर्शक कापड किंवा व्हिनाइलचं झाकण करता येतं. त्याची बाहेरची बाजू पांढरी असावी की चंदेरी, यावर आरव्हीवाल्यांमध्ये मतभेद असतात आणि बहुतेकांचा कल चमकणाऱ्या फॉइलकडे असतो. मी पांढऱ्याच्या बाजूचा आहे. चकचकीत ॲल्युमिनियम ऊन फार कमी शोषतं, ते खरं. पण जे शोषतं ते बाहेर टाकण्यात ते अत्यंत कंजूष असतं. तापलेल्या पांढऱ्या रंगाचा पृष्ठभाग जितके उष्ण किरण आकाशाकडे सोडतो, त्याच्या विसाव्या भागाएवढेच चकचकीत ॲल्युमिनियम सोडतं. त्यामुळे उन्हात ठेवलेला धातूचा चकचकीत पत्रा चांगल्या पांढऱ्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो. छतावर, मोकळ्या आकाशाखाली, पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि अंगातली उष्णता सोडून देतो. गच्चीवर चुना फासणारे आपले लोक हेच करतात. कापड मात्र खरोखर अपारदर्शक हवं. पातळ पांढरी चादर टाकली तर ऊन तिच्यातून गाळून आत येतंच.

फॉइलचं खरं काम आतल्या बाजूला आहे. अनेकांना छतावर चढणं जमत नाही. वय झालेलं असतं, किंवा भाड्याने घेतलेल्या आरव्हीच्या छतावर चढायला करारातच बंदी असते. उन्हाळी सुट्टीत ग्रँड कॅनियन, झायन ही राष्ट्रीय उद्यानं बघायला आरव्ही भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू. त्यांच्यासाठी आतूनच काही करणं भाग आहे, आणि ते करण्यासारखं आहे.

उष्णता एका जागेवरून दुसरीकडे जाण्याचे तीन मार्ग आपण शाळेत शिकलो: वहन, अभिसरण आणि प्रारण. घुमटाखालच्या पोकळीत उन्हाळ्यात हवा वरून तापते. गरम हवा हलकी, ती वरच राहते, थंड हवा खाली. अभिसरण होतच नाही. स्थिर हवा वहनालाही फारसा वाव देत नाही. मग उष्णता खाली येते ती मुख्यतः प्रारणाने, किरणांच्या वाटेने. तिथे फॉइल आपली ताकद दाखवतं, कारण ते पंचाण्णव टक्क्यांहून जास्त उष्ण किरण परतवतं आणि स्वतः जवळजवळ काहीच सोडत नाही. पण त्यासाठी फॉइलसमोर हवेची पोकळी हवीच. फॉइल दुसऱ्या कशाला चिकटवलं की उष्णता वहनाने पुढे सरकते आणि त्याची चमक निरुपयोगी होते. हिवाळ्यात मात्र घरातली उबदार हवा वर चढत राहते, अभिसरण जोरात चालतं आणि तेच फॉइल तेवढं काम देत नाही. ‘उन्हाळ्यात इतका उपयोग झाला, मग थंडीत का नाही’ असं विचारणाऱ्यांना याचं उत्तर या पोकळीत सापडेल.

व्यवहारात असं करावं. दोन्ही बाजूंना फॉइल असलेला एक-दीड इंच जाडीचा फोमचा तुकडा झरोक्याच्या मापाला अगदी किंचित मोठा कापावा, म्हणजे तो दाबून बसतो आणि खिळे-गोंद लागत नाहीत. हवेच्या फुग्यांची चंदेरी गुंडाळी हलकी आणि स्वस्त असते, कात्रीने कापता येते, पण फोमपुढे तिची रोधक शक्ती फार कमी. फोम मिळत असेल तर फोम घ्यावा. वर तोंड करून चमकदार किंवा पांढरी बाजू ठेवायची. ही गोष्ट नाजूक आहे. गडद रंगाची उशी किंवा काळं कापड पारदर्शक घुमटाखाली कोंबलं तर आलेलं सगळं ऊन तिथेच, बंद पोकळीत, उष्णतेत बदलतं. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ होतं, पण त्याच्या बरंच आधी, ८०-९० अंशांच्या पट्ट्यात, साच्यातून काढलेला पातळ घुमट आपला ताठपणा सोडू लागतो. आतला घुमट लोंबलेला किंवा वाकडा झालेला दिसला तर बहुधा हेच घडलेलं असतं. चमकदार बाजू वर असली तरी घुमट आणि फोम यांच्यात दोनेक इंच अंतर ठेवावं आणि पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी दुपारी एकदा हात लावून पाहावं. आंघोळीच्या वेळी हा तुकडा काढून ठेवायचा, नाहीतर वाफ त्याच्या वर अडकते आणि कडेला बुरशी धरते.

काचेला लावतात ती काळसर फिल्म या घुमटांना लावू नये. प्लास्टिकमधून सूक्ष्म प्रमाणात वायू आणि ओल बाहेर पडत असते, त्याने फिल्मखाली फुगे येतात. शिवाय गडद फिल्म ऊन शोषून घुमटच तापवते. हरितगृहाच्या छतावर उन्हाळ्यापुरता मारतात तो पाण्यात कालवलेला पांढरा रंग चालतो, पावसाळ्यानंतर धुऊन निघतो. ॲसिटोन, थिनर किंवा अमोनियाचं काचपाणी ॲक्रिलिकला लावलं तर त्यावर बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि पुढच्या हंगामात त्यातूनच पाणी झिरपतं.

घुमट बदलायचीच वेळ आली असेल तर पारदर्शकऐवजी दुधी पांढरा निवडावा. धुरकट रंगाचा देखणा दिसतो, पण तो ऊन शोषून गरम होतो आणि ती उष्णता आत पाठवतो. बसवताना एक बारकावा विसरला जातो: ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. पहाटेपासून दुपारपर्यंत घुमटाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर त्याची २२ इंचांची कड दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात आणि स्क्रू करकचून आवळत नाहीत. कडेच्या भोकांपासून निघालेल्या भेगा पाहिल्या की आवळणारा हात ओळखू येतो.

आता पंखा. बहुतेक बाथरूममध्ये छताला १४ इंच चौरस भोकात हवा बाहेर फेकणारा पंखा असतो. वीजजोडणी नसलेल्या माळावर, एसी बंद असताना, तोच मोठा आधार. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की पलीकडची सावलीतली खिडकी थोडी उघडून तो चालवावा, भिंतींत मुरलेली उष्णता निघून जाते. पण दुपारी एसी चालू असताना तो चालवला तर बाहेर फेकलेल्या प्रत्येक घनफुटाच्या जागी ४३ अंशांची हवा फटींमधून आत येते. त्या वेळी पंखा बंद, त्याच्याही भोकात फोमची उशी आणि बाथरूमचं दार उघडं. दार लावून ‘उष्णता तिथेच कोंडून ठेवू’ असा विचार पुष्कळ जण करतात. स्कायलाइट उघडा असेल तर तो बरोबर आहे. झाकल्यानंतर मात्र दार उघडं ठेवून एसीची हवा तिथे पोहोचू द्यावी.

बाहेरचं झाकण बांधण्याचा प्रश्न उरतो. आरव्हीचं छत बहुधा प्लायवुडवर ताणलेल्या रबरासारख्या पांढऱ्या पडद्याचं असतं. त्यावर लोहचुंबक चिकटत नाही आणि नवं भोक पाडणं म्हणजे गळतीला आमंत्रण. झाकणाच्या कडेला इलॅस्टिक ओवून ते घुमटाच्या बुडाभोवती चढवावं आणि आत चारी कोपऱ्यांना फोमचे ठोकळे शिवावेत, म्हणजे कापड घुमटापासून उचललेलं राहतं. टिचबटणं लावायची तर चौकटीच्या आधीच्या स्क्रूंच्या जागीच, नव्याने सीलंट भरून. छतावर चढायचं ते पहाटे, छत माणसाचं वजन पेलणारं आहे याची खात्री करून आणि खाली कोणीतरी उभं असताना. गाडी हलवण्यापूर्वी झाकण उतरवायचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ३० मैलांना टिकलेलं झाकण ६० मैलांना चौपट ओढ सहन करत असतं आणि सुटलं तर मागच्या गाडीच्या काचेवर जातं.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा अशी घरं आपल्याकडच्या रस्त्यांवरही वाढतील. पुण्याला मेच्या मध्यावर सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. फीनिक्सला तो कधीच इतका वर येत नाही. इथल्या कॅरॅव्हॅनच्या छताला झरोका ठेवणाऱ्याने पांढरं झाकण पहिल्यापासूनच सोबत द्यावं.

केलेल्या कामाचा उपयोग किती झाला ते मोजायचं असेल तर दोन सारख्या दिवसांची दुपार निवडावी, एक झाकणाशिवाय, एक झाकणासह. एक साधा थर्मामीटर शॉवरमध्ये छातीच्या उंचीवर सावलीत टांगावा आणि दुसरा बाहेर सावलीत. पाहायचा तो दोन्हींतला फरक, नुसता आतला आकडा फसवतो. पिस्तुलासारखा रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर तो फॉइलवर रोखू नका. फॉइल स्वतःचे किरण जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे त्यावर समोरच्या भिंतीचं किंवा तुमच्या चेहऱ्याचं तापमान दिसतं. फॉइलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.